वाट पाहणारे वाचक : ‘ड्यून’ आणि तिचे चित्रपट

एखाद्या आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघणार अशी वार्ता आली म्हणजे तिच्या वाचकांच्या मनाची जी अवस्था होते, तिच्याकडे टीकाकारांचें फारसें लक्ष जात नाहीं. चित्रपट पाहून झाल्यावर काय लिहावयाचें तें ठरलेलें असतें. नटांचीं कामें, संगीत, छायालेखन, मूळ कथेशीं राखलेलें इमान, अशा ठराविक कलमांखालीं परीक्षण उरकतां येतें. परंतु त्यापूर्वीं वाट पाहण्यांत जे महिने, प्रसंगीं वर्षें, जातात, त्या काळांतहि वाचक एक प्रकारची टीकाच करीत असतो. पुस्तकांतील काय राखलें पाहिजे आणि काय गेलें तरी चालेल, याचा निवाडा तो मनांतल्या मनांत रोज देतो. हा निवाडा पुष्कळदां भलत्याच कलमांवर होतो असें आमचें मत आहे, व तें एका प्रसिद्ध उदाहरणानें मांडावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट याची ‘ड्यून’ ही कादंबरी. तिच्यावर दनी व्हिलनव या कॅनडांतील दिग्दर्शकानें काढलेल्या चित्रपटाचे दोन भाग २०२१ व २०२४ सालीं प्रदर्शित झाले. त्यानंतर, हर्बर्टच्याच ‘ड्यून मेसाया’ या पुढील कादंबरीवर आधारलेला तिसरा भाग हातीं घेण्यांत आला. २०२५ सालीं त्याचें चित्रीकरण झालें आणि प्रदर्शनासाठीं १८ डिसेंबर २०२६ हा दिवस जाहीर झाला. या वार्तेनें जगभरचे ‘ड्यून’भक्त हर्षित झाले. असा एक भक्त आमच्या घरांतच आहे. आमचा भाचा स्थापत्यशास्त्र शिकतो. पण घरें कशीं बांधावीं यापेक्षां वाळूंतील महाकाय किड्यावर स्वार कसें व्हावें, याचें ज्ञान त्याला अधिक आहे असा आमच्या भगिनीचा आरोप आहे. त्याच्याशीं झालेल्या वादांतूनच हा लेख निघाला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

ज्यांनीं ही कादंबरी वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं तिची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. हर्बर्ट हा पेशानें वृत्तपत्रकार. १९५७ च्या सुमारास ऑरेगॉनच्या समुद्रकांठीं फ्लॉरेन्स या गांवाजवळ सरकारी खात्यानें गवत लावून सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपविण्याचा प्रयोग चालविला होता. त्यावर लेख लिहावा म्हणून तो तेथें गेला. तो लेख पुरा झालाच नाहीं, परंतु त्यासाठीं चालविलेल्या वाचनांतून वाळवंटें, त्यांतील माणसें व त्यांचे धर्म यांविषयींचें एक प्रचंड टिपण मात्र तयार झालें. त्यांतून ‘ड्यून’ जन्मली. ‘अ‍ॅनालॉग’ या मासिकांत ती १९६३ पासून १९६५ पर्यंत दोन मालांत क्रमशः आली. ग्रंथरूपानें ती छापण्यास वीसांहून अधिक प्रकाशकांनीं नकार दिला. अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल ख्यात असलेल्या चिल्टन या संस्थेनें १९६५ सालीं ती प्रसिद्ध केली. पुढें विज्ञानकथेचे ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मोठे मान तिला मिळाले.

कथा वरवर पाहतां अगदीं जुन्या वळणाची आहे. अराकिस नांवाच्या निर्जल ग्रहावर एक दुर्मिळ मसाला सांपडतो. त्याच्यावांचून ताऱ्याताऱ्यांमधील प्रवास अशक्य. म्हणून ज्याच्या ताब्यांत अराकिस, त्याच्या मुठींत साम्राज्य. अट्रायडीज घराण्याला हा ग्रह इनाम मिळतो आणि लगोलग त्याचा विश्वासघातानें नाश होतो. तरुण राजपुत्र पॉल आपल्या आईसह वाळवंटांत पळतो. तेथील फ्रेमेन लोक शतकानुशतकें एका तारणहाराची वाट पाहत आहेत; पॉल हाच तो, असें त्यांना वाटूं लागतें; त्यांच्या बळावर तो सूड घेतो आणि सिंहासन मिळवितो. राज्यभ्रष्ट राजपुत्रांच्या कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकाला यांत अपरिचित असें कांहींच वाटणार नाहीं.

परंतु हर्बर्टनें या गोड कथेच्या पोटांत एक कडू बी ठेवलेलें आहे. ज्या भविष्यवाणीवर फ्रेमेन विसंबून आहेत ती आकाशांतून आलेली नाहीं. बेनी जेसेरिट नांवाच्या धूर्त स्त्रीसंघानें आपल्या प्रचारिका ग्रहोग्रहीं पाठवून अशा भाकितांची पेरणी पूर्वींच करून ठेवली होती. उद्देश एवढाच, कीं संघाची एखादी स्त्री कधीं संकटांत सांपडली तर तेथील भोळ्या लोकांची श्रद्धा तिच्या उपयोगीं पडावी. पॉलच्या आईला हें ठाऊक आहे व पॉललाहि ठाऊक आहे. इतकेंच नव्हे, तर आपल्या नांवानें एक भयंकर धर्मयुद्ध ब्रह्मांडभर पेटणार हें तो दिव्य दृष्टीनें पाहतो, त्याला भितो, आणि तरीहि तें टाळूं शकत नाहीं. तारणहारांपासून सावध राहा, मग तो तारणहार कितीहि सद्गुणी असो, हें या पुस्तकाचें मर्म आहे.

आतां या पुस्तकाच्या वाचकांनीं चित्रपटाची वाट कशी पाहिली तें पाहूं. १९७० नंतरच्या दशकांत अलेहांद्रो होदोरोव्स्की या दिग्दर्शकानें ‘ड्यून’चा घाट घातला. सम्राटाच्या भूमिकेसाठीं साल्वादोर दाली, दुष्ट बॅरनच्या भूमिकेसाठीं ऑर्सन वेल्स, आणि चित्रें काढण्यास मोबियस व गीगर, असा त्याचा संकल्प होता. प्रत्येक दृश्याच्या रेखाटनांचा एक जाडजूड ग्रंथ तयार झाला, पण पैसा उभा राहिला नाहीं व चित्रपट निघालाच नाहीं. गंमत अशी कीं, न निघालेल्या या चित्रपटालाच पुढें कित्येक भक्तांच्या मनांत सर्वांत उंच आसन मिळालें, आणि २०१३ सालीं त्याच्या हकीकतीवर एक स्वतंत्र माहितीपट निघाला. जें आलेंच नाहीं त्यानें कधीं निराशा केली नाहीं, हें त्याचें कारण उघड आहे.

जें आलें त्याची गोष्ट निराळी. १९८४ सालीं डेव्हिड लिंच याचा ‘ड्यून’ आला. पुस्तकांतील विचित्र शब्द प्रेक्षकांना समजावेत म्हणून कांहीं चित्रपटगृहांत शब्दार्थांचे छापील कागद वांटण्यांत आले. पात्रांचीं मनोगतें कुजबुजत्या आवाजांत ऐकविण्यांत आलीं. चित्रपट पडला आणि अंतिम कातरकाम आपल्या हातीं नव्हतें हें शल्य लिंचला जन्मभर राहिलें. त्यानंतर २००० सालीं दूरचित्रवाणीवर तीन भागांची एक मालिका झाली. ती कथाक्रमाच्या बाबतींत प्रामाणिक होती, पण तिची सामग्री तोकडी होती. मग व्हिलनवची घोषणा झाली. त्याचा पहिला भाग २०२० च्या अखेरीस यावयाचा, तो महामारीमुळें २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत लांबला. त्या लांबलेल्या काळांत भक्तांनीं केलेली चर्चा आम्हीं भाच्याच्या कृपेनें यथासांग ऐकली आहे. अंगांतील घामाचें पाणी करणारा पोशाख पुस्तकाबरहुकूम आहे कीं नाहीं? किड्याच्या तोंडाचा आकार कसा? मूळ पुस्तकांत धर्मयुद्धासाठीं असलेला अरबी शब्द गाळून पहिल्या झलकेंत दुसराच शब्द घातला, तो भित्रेपणा नव्हे काय? यांपैकीं शेवटचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होता. बाकीचे सारे सामानसुमानाचे होते.

सामानावरून इमान ठरविण्याची ही पद्धति किती फसवी आहे हें लिंचच्या चित्रपटावरून दिसतें. नांवें, घराणीं, किडे, मसाला, पात्रांचीं मनोगतेंसुद्धां त्यानें पुष्कळशीं राखलीं. पण शेवटीं काय केलें? पॉल विजयी होतांच त्या निर्जल ग्रहावर एकाएकीं पाऊस पाडला! पुस्तकांत वाळवंट हिरवें करण्याचें स्वप्न आहे, परंतु तें कित्येक पिढ्यांच्या खडतर परिश्रमांचें स्वप्न आहे. शिवाय पाणी हें त्या किड्यांना विष आहे, आणि किडे मेले कीं मसालाहि संपला. चमत्काराचा हा एक पाऊस पडला आणि सारें पुस्तक वाहून गेलें. कारण त्या पावसाचा अर्थ असा होतो कीं भविष्यवाणी खरी होती, पॉल साक्षात् देव होता, आणि फ्रेमेन लोकांनीं वाट पाहिली तें योग्यच केलें. पुस्तकानें ज्याविषयीं सावध केलें होतें त्याचीच चित्रपटानें पूजा बांधली.

उलट व्हिलनवच्या दुसऱ्या भागाकडे पाहावें. सामानाच्या हिशेबानें त्यानें बरीच उलथापालथ केली आहे. पुस्तकांत पॉलची धाकटी बहीण आलिया जन्मते आणि चिमुकल्या वयांत बॅरनचा वध करते. चित्रपटांत ती आईच्या उदरांतच राहते आणि वध पॉल करतो. पुस्तकांत कित्येक वर्षें लागणारा घटनाक्रम येथें कांहीं महिन्यांत आटोपतो. सर्वांत मोठा फेरफार पॉलची प्रिया चानी हिच्यांत आहे. पुस्तकांतील चानी अखेरपर्यंत पॉलच्या पाठीशीं उभी आहे. चित्रपटांतील चानी या भविष्यवाणीला पहिल्यापासून हंसते. आपल्या लोकांना गुलाम करण्याचें हें साधन आहे असें ती बोलून दाखविते, आणि सारे गुडघे टेकीत असतां ती एकटी उठून वाळवंटांत चालूं लागते. शेवटचें दृश्य विजयी सम्राटाचें नाहीं. तिच्या दुखावलेल्या चेहऱ्याचें आहे.

या फेरफारानें पुष्कळ भक्त रागावले. आमचा भाचाहि रागावला. “मामा, चानी अशी नाहींच मुळीं!” असें तो चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरतांना म्हणाला. तें खरें होतें. पण आमचें त्याला उत्तर असें कीं, पुस्तकांत लेखकाची जी सावध दृष्टि कथनांतून व पॉलच्या मनोगतांतून वाहत असते, ती चित्रपटाला कोणत्या तरी माणसाच्या डोळ्यांत ठेवावी लागते. दिग्दर्शकानें ती चानीच्या डोळ्यांत ठेवली. त्यासाठीं त्यानें चानी बदलली, परंतु ‘ड्यून’ राखली. हर्बर्टला आपला नायक वाचकांनीं आदर्श मानावा याचें वाईट वाटलें होतें व त्याचा हेतु स्पष्ट करणें हेंच आपलें काम आहे, असें व्हिलनवनें स्वतः सांगितलें आहे. हें बोलणें त्याच्या कृतीनें खरें केलें, एवढें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

येथें एक गोष्ट नजरेस आल्यावांचून राहत नाहीं. ज्या पुस्तकाचा विषयच वाट पाहणारे लोक हा आहे, त्याच पुस्तकाचे वाचक पन्नास वर्षें एका ‘खऱ्या’ चित्रपटाची वाट पाहत राहिले! दुसऱ्या भागांत फ्रेमेन सरदार स्टिलगार याचें एक मजेदार चित्रण आहे. पॉल म्हणतो मी तारणहार नव्हे. स्टिलगार म्हणतो, पाहा किती विनय, अर्थात् तो तारणहारच! प्रत्येक गोष्ट त्याला खूण वाटते. चित्रपटाच्या दोन मिनिटांच्या झलकेवरून भावी कृतीची महती गाणारा भक्त याहून कितीसा वेगळा असतो? आणि बेनी जेसेरिट संघानें भाकितें पेरलीं, तशीच अपेक्षेची पेरणी निर्मात्यांचें जाहिरातखातेंहि महिनोन्महिने आधीं करीत असतें. पुस्तकांत स्टिलगारचा शेवट हंसण्यासारखा नाहीं. आपल्या डोळ्यांदेखत एक मित्र नाहींसा होऊन त्याच्या जागीं एक पूजक उभा राहिला, हें पॉलला जाणवतें आणि तो खिन्न होतो. वाचकानें पुस्तकाचा मित्र राहावें, पूजक होऊं नये, हा बोध या प्रसंगांतून कोणीहि घ्यावा.

मात्र भक्तांची केवळ थट्टा करून थांबणें अन्यायाचें होईल. प्रकाशकांनीं झिडकारलेलें हें पुस्तक हातोहातीं देऊन वाढविलें तें वाचकांनींच. त्यांच्या प्रतीक्षेच्या मुळाशीं एक खरी भीति असते, आणि ती आपल्याहि अनुभवाची आहे. ‘श्यामची आई’ हें साने गुरुजींचें पुस्तक १९३५ सालचें. त्यावर आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ सालीं निघाला. तो चित्रपट थोर होता याविषयीं वाद नाहीं. परंतु तो पाहिल्यानंतर पुस्तक उघडलें तर श्यामच्या आईला वनमालाबाईंचाच चेहरा येतो, असें सांगणारीं वडील माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांनीं पूर्वीं आपल्या मनांत जो चेहरा कल्पिला होता तो कायमचा गेला. वाचकाची स्वतःची म्हणून जी निर्मिति असते ती चित्रपट एका संध्याकाळीं पुसून टाकूं शकतो. म्हणून वाचक सामानाच्या यादीला घट्ट धरून बसतो. निदान एवढें तरी माझें राहूं द्या, असें त्याचें म्हणणें असतें. या भावनेचा आम्ही आदर करतों. पण यादी राखून मनांतलें चित्र वांचत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आतां तिसऱ्या भागाच्या प्रतीक्षेकडे वळूं. खरी कसोटी येथेंच आहे. ‘ड्यून मेसाया’ १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. पहिली कादंबरी आनंदानें छापणारे ‘अ‍ॅनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनीं ही दुसरी नाकारली व ती ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकांतून क्रमशः आली. वीराचें असें अधःपतन वाचकांना नको असतें, अशी कॅम्पबेल यांची धारणा होती. आणि खरोखरच, पहिल्या पुस्तकावर लुब्ध झालेल्या असंख्य वाचकांना हें दुसरें पुस्तक कडू लागलें. पॉलला सम्राट् होऊन बारा वर्षें लोटलीं आहेत. त्याच्या नांवानें झालेल्या युद्धांत ६१ अब्ज माणसें मेलीं आहेत. प्राचीन पृथ्वीवरील चंगीझखान व हिटलर यांच्या संहाराशीं तो स्वतःच्या संहाराची तुलना करून दाखवितो, आणि स्टिलगारला त्या दोघांचे आंकडे अगदींच क्षुल्लक वाटतात! पुढें पॉलचे डोळे जातात, चानी प्रसूतिसमयीं मरते, आणि आंधळ्याला वाळवंटांत सोडून देण्याच्या फ्रेमेन रिवाजाप्रमाणें सम्राट् एकटाच वाळूंत निघून जातो.

पहिलें पुस्तक पुरें होण्यापूर्वींच पुढील भागांचे कांहीं अंश आपण लिहिले होते, असें हर्बर्टनें पुढें सांगितलें आहे. म्हणजे हें अधःपतन मागाहून चिकटविलेलें नव्हे. पहिल्या भागांतील जयजयकार हाच मुळीं त्या पतनाची पूर्वतयारी होती. ज्यांनीं तो जयजयकार खरा मानला त्यांना दुसऱ्या पुस्तकानें विचारलें, तुम्ही टाळ्या कशाला वाजविल्या? आमच्या भाच्यानें दुसरा चित्रपट पाहून टाळ्या वाजविल्या होत्या. मागाहून त्यानें ‘मेसाया’ वाचली. तीन दिवस तो चित्रपटाचें नांव काढीना. चौथ्या दिवशीं म्हणाला, “मामा, मला त्याच्याबद्दल इतकें बरें वाटलें होतें, त्याचीच मला लाज वाटते.” आमच्या मतें या कादंबरीवर याहून चांगली टीका कोणी केलेली नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे असें आम्हांस क्षणभर वाटलेंहि होतें. चित्रपट हें माध्यमच नायकाला मोठें करणारें आहे. पुस्तकांत पॉलच्या शंका पानोपानीं वाचावयास मिळतात. पडद्यावर तिमोथी शालामे या देखण्या नटाचा तीस फूट उंचीचा चेहरा दिसतो आणि हान्स झिमरचीं वाद्यें घुमूं लागतात. अशा वेळीं सावधगिरीचा उपदेश कोणाच्या कानांत शिरणार? पॉल पहिल्यांदा किड्यावर स्वार होतो तें दृश्य पाहतांना प्रस्तुत लेखकाचे हातहि खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले होते, व त्या क्षणीं ६१ अब्ज प्रेतांची आठवण आम्हांला झाली नाहीं. परंतु विचार केल्यावर दिसतें कीं, या कथेला हा मोह आवश्यकच आहे. ज्याला मोह झालाच नाहीं त्याला सावध करण्यांत काय अर्थ? हर्बर्टनेंहि प्रथम वाचकाला पॉलच्या प्रेमांत पाडलें आणि मगच त्या प्रेमाची किंमत मागितली. प्रश्न एवढाच कीं, मोह पाडल्यावर चित्रपट ती किंमत मागतो कीं पाऊस पाडून प्रेक्षकाला सुखानें घरीं पाठवितो?

म्हणून या तिसऱ्या भागाकडून काय अपेक्षा करावी याविषयीं आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पात्रें कमी झालीं, क्रम बदलला, चानीचा राग कोठल्या वळणानें शमला किंवा शमलाच नाहीं, या गोष्टींचा हिशेब दिग्दर्शकाकडे सोंपवावा. वाचकानें धरून बसण्याची जागा एकच आहे. पॉलला अखेर सहानुभूति मिळावी, पण त्याला क्षमा करण्याची घाई चित्रपटानें करूं नये. त्याच्या नांवानें मेलेल्या माणसांचा हिशेब प्रेक्षकाला ऐकूं यावा. आणि आंधळा सम्राट् वाळूंत निघून जातो त्या घटकेला तो पुन्हां एकदां देव होऊं नये. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठिण आहे. कारण पुस्तकांतहि लोक त्या निघून जाण्याचीच नवी दंतकथा करतात. तें लोकांचें करणें आहे आणि चित्रपटाचें करणें नव्हे, हा भेद पडद्यावर दिसला तर हर्बर्टशीं इमान राखलें गेलें असें समजावें. मग पोशाखाचें शिवणकाम कसेंहि असो.

चित्रपट पाहण्यापूर्वीं मूळ पुस्तक पुन्हां वाचावें काय, असें भाच्यानें विचारलें. अवश्य वाचावें, असें आम्हीं सांगितलें. मात्र चुकांची यादी करण्यासाठीं नव्हे. पहिल्या वाचनांत आपण ज्या ज्या ठिकाणीं पॉलचा जयजयकार केला होता, त्या जागा या वेळीं पेन्सिलीनें खुणा करून ठेवाव्यात. त्याची प्रत सध्यां आमच्या टेबलावर आहे. खुणा पुष्कळ आहेत. आणि तींत कांहीं खुणा आम्हीं स्वतःच्याहि वाढविल्या आहेत.